हिवाळाभराच्या खेळाचा मान

२०२४ च्या गुढीपाडव्याच्या सकाळी गुढीला कडुनिंबाची डहाळी बांधता बांधता माझे निम्मे लक्ष फोनकडे होते. अमेरिकेत तेव्हा ८ एप्रिलची रात्र होती. ॲरिझोनातल्या ग्लेंडेलमध्ये कॉलेज बास्केटबॉलच्या पुरुष गटाचा अंतिम सामना चालू होता आणि इंडियानातल्या वेस्ट लाफिएटहून, म्हणजे पर्ड्यू विद्यापीठाच्या गावातून, माझा भाचा मला गुण कळवत होता. पर्ड्यू हरले. कनेक्टिकटने ७५-६० असा सामना मारला. पर्ड्यूच्या साठातले ३७ गुण एकट्या झॅक ईडीचे. आदल्याच दिवशी क्लीव्हलँडमध्ये महिलांचा अंतिम सामना झाला होता. तिथे आयोवाची केटलिन क्लार्क ३० गुण करूनही हरली. साउथ कॅरोलायनाने ८७-७५ ने जेतेपद नेले.

ईडी आणि क्लार्क या दोघांनाही २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे ‘वर्षातील सर्वोत्तम खेळाडू’चा मान मिळाला होता. दोघांनीही कॉलेज सोडले ते राष्ट्रीय जेतेपदाशिवाय. त्या सकाळी भाच्याचा शेवटचा निरोप आला, “मावशी, सर्वोत्तम असून काय उपयोग? ट्रॉफी तर गेलीच ना!” आपल्या विद्यापीठाचा संघ हरल्यावर मुलाला वैताग येणारच. पण माझी उमेदीची वर्षे नागपुरात मुलींना बास्केटबॉल शिकवण्यात गेली आहेत, आणि नेमके हेच वाक्य मी पालकांकडून, क्रीडाशिक्षकांकडून, कधी कधी निवड समितीत बसलेल्यांकडूनही ऐकत आले आहे. त्यामुळे त्याला फोनवर जे धड सांगता आले नाही, ते इथे सविस्तर लिहिते. वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडताना जेतेपदाकडे बघूच नये, असे माझे मत आहे. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलने ही गोष्ट पुष्कळ प्रमाणात सांभाळली आहे, आणि त्यांच्याकडून घेण्यासारखे काही असेल तर ते हे आहे.

तिकडे हा मान देणारी संस्था एक नाही. बास्केटबॉल लेखकांच्या संघटनेचा पुरस्कार १९५९ मध्ये पहिल्यांदा ऑस्कर रॉबर्टसनला मिळाला, आणि आज तो त्याच्याच नावाने दिला जातो. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १९६१ पासून आपला पुरस्कार देते. नेस्मिथ ट्रॉफी १९६९ मध्ये सुरू झाली. तिचा पहिला मानकरी ल्यू अल्सिंडॉर, जो पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने जगाला माहीत झाला. लॉस एंजलिस ॲथलेटिक क्लबचा वुडन पुरस्कार १९७७ चा. प्रशिक्षकांच्या संघटनेचा आणखी वेगळा. काही वर्षी सगळे एकाच नावावर येतात, काही वर्षी येत नाहीत. यात गोंधळ आहे असे अनेकांना वाटते. मला वाटत नाही. एका खेळाकडे पत्रकार, प्रशिक्षक आणि जुने जाणकार वेगवेगळ्या बाजूंनी बघत असतील, तर उत्तर कधीतरी वेगळे येणारच.

यातल्या दोन नावांबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण ईडीची गोष्ट त्यांच्याशी जुळलेली आहे. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत पीचच्या टोपल्या भिंतीवर ठोकून हा खेळ सुरू केला. ते मूळचे कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताचे. ईडीही ऑन्टॅरिओचाच, टोरंटोचा. आणि जॉन वुडन यांना जग लॉस एंजलिसच्या यूसीएलएचे प्रशिक्षक म्हणून ओळखते, बारा वर्षांत दहा राष्ट्रीय जेतेपदे मिळवणारे. पण ते इंडियानाच्या मातीतले, आणि खेळाडू म्हणून पर्ड्यूचे. १९३२ मध्ये ते तिथूनच पदवीधर झाले. त्यांच्या नावाच्या पुरस्काराला अभ्यासाचीही अट आहे: ठरावीक किमान गुण असल्याशिवाय खेळाडूचा विचारच होत नाही. वुडन सुरुवातीला शाळेत इंग्रजी शिकवत, याची त्या अटीवरून मला नेहमी आठवण होते.

आता मुख्य मुद्दा मतदानाच्या वेळेचा. कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो. प्रत्येक संघ मार्चच्या मध्यापर्यंत तीसएक सामने खेळतो: काही आपल्या कोर्टवर, काही दुसऱ्यांच्या, बर्फातून बसने किंवा विमानाने जाऊन. मग राष्ट्रीय स्पर्धा, ‘मार्च मॅडनेस’. तिच्यात ६८ संघ असतात आणि एक सामना हरला की घरी. असोसिएटेड प्रेसचे मतदार आपली मते ही स्पर्धा सुरू होण्याच्या आधी देतात. निकाल मात्र दोन-तीन आठवड्यांनी, स्पर्धा शेवटाकडे आली की जाहीर होतो. मधल्या काळात काय घडले याचा त्या मतावर काहीच परिणाम होत नाही. ही पद्धत मला फार मोलाची वाटते. काही पुरस्कारांची मते स्पर्धा सुरू झाल्यावरही घेतली जातात. माझ्या मते त्यांनीही पेट्या आधीच बंद कराव्यात.

का, ते २०२३ च्या ईडीवरून सांगते. त्या हंगामात त्याने सामन्यामागे २२.३ गुण आणि १२.९ रिबाउंड (नेम चुकल्यावर पकडलेले चेंडू) केले. पर्ड्यूने आपल्या ‘बिग टेन’ गटाचा साखळी हंगाम जिंकला आणि गटाची स्पर्धाही जिंकली. राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना आपल्या विभागात पहिले मानांकन होते. १७ मार्चला त्यांची गाठ पडली सोळाव्या मानांकनाच्या फेअरले डिकिन्सनशी. तो देशभरातल्या वरच्या श्रेणीतला सर्वांत बुटक्या खेळाडूंचा संघ होता, आणि समोर सात फूट चार इंचांचा ईडी. पर्ड्यू ६३-५८ ने हरले. पहिल्या मानांकनाचा संघ सोळाव्याकडून हरण्याची पुरुषांच्या स्पर्धेतली ही दुसरीच वेळ. त्या रात्री ईडीचे २१ गुण होते, १५ रिबाउंड होते. दोन-तीन जण त्याला चिकटून उभे राहत होते, आणि बाहेरून त्याच्या सहकाऱ्यांचे नेम चुकत होते. देशभर हसू झाले. दोन आठवड्यांनी असोसिएटेड प्रेसचा निकाल आला: एक मत सोडून सगळी मते ईडीला.

मते त्या सामन्यानंतर मागितली असती, तर काय झाले असते? माणसे शेवटची जी गोष्ट बघतात तीच मनात धरतात. चार महिने जो मुलगा दर सामन्यात आपल्या जागेवर आधी पोहोचला, कोपर खाऊन उभा राहिला, हाताशी आलेला प्रत्येक रिबाउंड घेऊन खाली उतरला, त्याचे ते चार महिने एका शुक्रवारच्या रात्रीने पुसून टाकले असते. त्या एका रात्रीसाठी वेगळा मान आहेच. अंतिम फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूला स्वतंत्र पुरस्कार दिला जातो. १९७९ मध्ये इंडियाना स्टेटचा लॅरी बर्ड वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि अंतिम सामन्यात त्याला ७५-६४ ने हरवणाऱ्या मिशिगन स्टेटच्या मॅजिक जॉन्सनला अंतिम फेरीचा मान मिळाला. दोघांनाही आपापले मिळाले. बर्डचा पुरस्कार काढून जॉन्सनला द्यायला हवा होता, असे मी तरी कुणाला म्हणताना ऐकलेले नाही.

कुस्तीत महाराष्ट्र केसरीची गदा शेवटची कुस्ती मारणाऱ्याची असते, आणि ते योग्यच आहे, कारण तिथे एकाला एक भिडतो. बास्केटबॉलमध्ये पाच खेळतात. व्हर्जिनियाचा राल्फ सॅम्पसनही सात फूट चार इंचांचा होता. १९८१, १९८२, १९८३ अशी सलग तीन वर्षे तो देशातला सर्वोत्तम ठरला, आणि त्याच्या संघाला जेतेपद एकदाही मिळाले नाही. डिसेंबर १९८२ मध्ये देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या व्हर्जिनियाला होनोलुलूत चॅमिनेड नावाच्या चिमुकल्या कॉलेजने ७७-७२ ने हरवले. तो पराभव आजही लोक सॅम्पसनच्या नावावर मांडतात. १९८३ च्या मार्चमध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेटने त्यांना एका गुणाने बाहेर काढले आणि पुढे स्पर्धाच जिंकली. सॅम्पसन पहिल्याच वर्षानंतर व्यावसायिक खेळाडू होऊ शकला असता. तो चार वर्षे थांबला. त्याच्यानंतर लागोपाठ दोनदा हा मान मिळवणारा पुरुष खेळाडू चाळीस वर्षे झाला नाही. झाला तो ईडीच.

२०२५ चे उदाहरण आणखी बोलके आहे. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या जुजू वॉटकिन्सचा गुडघा २४ मार्चला, राष्ट्रीय स्पर्धेच्या दुसऱ्याच फेरीत निकामी झाला. कोर्टवरून तिला उचलून न्यावे लागले. जेतेपद कनेक्टिकटला मिळाले, पेज बेकर्सच्या संघाला. तरी असोसिएटेड प्रेस, नेस्मिथ आणि वुडन हे तिन्ही पुरस्कार वॉटकिन्सलाच मिळाले. वेड ट्रॉफी, जिच्याबद्दल पुढे सांगते, बेकर्सकडे गेली. एकोणीस वर्षांची मुलगी दुखापतीने पडून आहे, आणि तिने हिवाळाभर जे केले ते कुणीतरी बाजूला जपून ठेवले आहे. मुलींना शिकवणाऱ्या माझ्यासारखीला ही गोष्ट फार जवळची वाटते. गुडघा गेल्यावर खेळ सोडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. गुडघा पुढे बरा झाला तरी त्या परतल्या नाहीत, कारण त्यांनी त्याआधी काय केले होते हे कुणाच्याच लक्षात नव्हते.

पर्ड्यूच्या मॅकी अरीनामध्ये ईडीचा एक सामना मी प्रत्यक्ष पाहिला आहे. बाहेर कडाक्याची थंडी होती. आत ‘पेंट क्रू’ म्हणवणारे विद्यार्थी पूर्ण वेळ उभे होते आणि त्या गोल छताखाली आवाज इतका घुमत होता की शेजारी बसलेल्या भाच्याचे बोलणेही मला ऐकू येईना. उंचीचे कौतुक मला पहिली पाच मिनिटे वाटले. नंतर मी त्याचे पाय बघत राहिले. चेंडू मध्यरेषा ओलांडायच्या आत तो रिंगच्या डाव्या अंगाला आपल्या ठरलेल्या जागी पोहोचलेला असे. प्रतिस्पर्धी कमरेला रेटा देई, दंडाला लटके. हा पाय रोवून हात वर करून चेंडूची वाट बघे. चेंडू आला तर वळून हुक, नाही आला तर परत धावत दुसऱ्या टोकाला, आणि पुन्हा तेच. संपूर्ण सामनाभर. शिटी न वाजलेल्या धक्क्यांबद्दल त्याने पंचांकडे एकदाही हातवारे केलेले मला दिसले नाहीत. हा मुलगा दहावीच्या वयापर्यंत बेसबॉल आणि आइस हॉकी खेळत होता. पर्ड्यूमध्ये आला तेव्हा त्याच्या वर्षीच्या होतकरू खेळाडूंच्या यादीत तो चारशेच्याही खाली होता. पहिल्या वर्षी सरासरी ८.७ गुण, मग १४.४, मग २२.३, शेवटच्या वर्षी २५.२. हे आकडे मी आमच्या मुलींना फळ्यावर लिहून दाखवले आहेत.

अलीकडे पहिल्याच वर्षाचे विद्यार्थी हा मान घेऊन जातात: २००७ मध्ये टेक्सासचा केव्हिन ड्युरंट, २०१२ मध्ये केंटकीचा अँथनी डेव्हिस, २०१९ मध्ये ड्यूकचा झायन विल्यमसन, २०२५ मध्ये ड्यूकचाच कूपर फ्लॅग. ते सर्वोत्तम होते, यात शंका नाही. माझे मन तरीही चार वर्षे टिकणाऱ्यांकडे ओढते: सॅम्पसन, १९९७ चा टिम डंकन, ईडी. हा माझा पक्षपात आहे आणि तो मी लपवत नाही.

बायकांच्या पुरस्कारांकडे वळले की मात्र माझा सूर बदलतो. असोसिएटेड प्रेसने पुरुषांना १९६१ मध्ये मान दिला; बायकांना १९९५ मध्ये. नेस्मिथ पुरुषांसाठी १९६९, बायकांसाठी १९८३. वुडन पुरुषांसाठी १९७७, बायकांसाठी २००४. दक्षिण कॅलिफोर्नियाची शेरिल मिलर १९८४, ८५, ८६ अशी तीन वर्षे देशातली सर्वोत्तम खेळाडू ठरली, आणि त्या तिन्ही वर्षी देशातली सर्वांत मोठी वृत्तसंस्था बायकांसाठी मतेच मागत नव्हती.

बायकांच्या कॉलेज बास्केटबॉलमधल्या सर्वांत जुन्या मानांपैकी एक वेड ट्रॉफीचा, १९७८ पासूनचा. मार्गारेट वेड कोण, हे आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नसेल. मिसिसिपीतल्या डेल्टा स्टेट कॉलेजात ती १९३० च्या सुमाराला खेळत होती. हा खेळ मुलींना झेपण्यासारखा नाही, असे ठरवून कॉलेजने संघच बंद करून टाकला. वेड आणि तिच्या मैत्रिणींनी आपले खेळाचे कपडे जाळले. पुढे ती शाळांमध्ये मुलींना शिकवत राहिली. १९७३ मध्ये त्याच कॉलेजने मुलींचा संघ पुन्हा उभा करायचे ठरवले तेव्हा प्रशिक्षक म्हणून तिलाच बोलावले. साठी ओलांडलेल्या वेडने १९७५, १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ तीन राष्ट्रीय जेतेपदे मिळवली.

त्या संघाचा कणा होती लुसिया हॅरिस. मिंटर सिटी नावाच्या खेड्यातल्या, कापसाच्या शेतात वाट्याने राबणाऱ्या कुटुंबातली सहा फूट तीन इंचांची काळी मुलगी. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये बायकांचे बास्केटबॉल पहिल्यांदा खेळले गेले आणि त्यातली पहिली बास्केट तिने केली. १९७७ मध्ये न्यू ऑर्लिन्स जॅझ या पुरुषांच्या व्यावसायिक संघाने तिची निवड केली. ती गेली नाही, तेव्हा ती गरोदर होती. तिच्या प्रशिक्षिकेच्या नावाची ट्रॉफी सुरू झाली तेव्हा लुसिया कॉलेजातून बाहेर पडलेली होती. ती बाहेर पडली तेव्हा बायकांची व्यावसायिक साखळीही नव्हती. तिच्यावरचा ‘द क्वीन ऑफ बास्केटबॉल’ हा छोटा माहितीपट मार्च २०२२ मध्ये ऑस्कर जिंकला, पण ती त्याच वर्षीच्या जानेवारीत गेली होती. वेड ट्रॉफीची पहिली मानकरी ठरली माँटक्लेअर स्टेटची कॅरोल ब्लेझजोव्स्की. तिने त्या वर्षी सामन्यामागे ३८.६ गुण केले होते. हा आकडा वाचून मी पुन्हा एकदा तपासून पाहिला होता.

आणि ४६ वर्षांनी केटलिन क्लार्क. ३ मार्च २०२४ ला तिने पीट मॅराविचचा कॉलेज कारकिर्दीतला ३,६६७ गुणांचा विक्रम मोडला. कॉलेज संपले तेव्हा तिचे ३,९५१ गुण झाले होते. ती हरली त्या अंतिम सामन्याला अमेरिकेत पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त प्रेक्षक मिळाले, जे याआधी कधी झाले नव्हते.

क्लार्क आणि ईडी यांच्यात एक मोठा फरक होता, आणि तो आपल्याकडच्या पुष्कळ घरांना लगेच कळेल. १ जुलै २०२१ पासून अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंना आपले नाव आणि चेहरा वापरून जाहिरातींतून पैसे मिळवायची मुभा मिळाली. क्लार्क विमा कंपनीच्या, पेयाच्या, बुटांच्या जाहिरातींत दिसू लागली, आणि ते तिच्या हक्काचेच होते. ईडी मात्र कॅनडाचा नागरिक. तो विद्यार्थी व्हिसावर होता, त्याच एफ-वनवर, ज्याचा शिक्का घेऊन माझा भाचा आणि महाराष्ट्रातली हजारो मुले तिकडे गेली आहेत. आय-ट्वेंटी, वीस तासांची मर्यादा, कॅम्पसबाहेर काम केले तर सगळेच धोक्यात, हे शब्द आता नागपूर-पुण्याच्या घराघरांत पाठ झाले आहेत. भाचा डायनिंग कोर्टमध्ये ताटल्या उचलत होता आणि आठवड्याचे तास मोजत होता. त्याच आवारात देशातला सर्वोत्तम खेळाडू राहत होता. त्याचा चेहरा सगळ्या टीव्हीवर होता, आणि अमेरिकेच्या भूमीवर त्या चेहऱ्याची जाहिरात करून पैसे घ्यायला त्याला कायद्याने मोकळीक नव्हती.

तो एकटाच नव्हता. २०२२ चा सर्वोत्तम खेळाडू केंटकीचा ऑस्कर शिब्वे, काँगोचा. म्हणजे २०२२, २०२३, २०२४ अशी लागोपाठ तीन वर्षे पुरुषांचा हा मान परदेशी विद्यार्थ्याकडे होता. शिब्वेचा संघ ऑगस्ट २०२२ मध्ये बहामाला सामने खेळायला गेला, तेव्हा तिथे, अमेरिकेच्या हद्दीबाहेर, त्याने जाहिरातींची कामे उरकून घेतली. विद्यार्थ्याला आपल्या मेहनतीचा मोबदला घ्यायला समुद्र ओलांडावा लागतो, ही त्या देशाला शोभणारी गोष्ट नाही. २०२५ पासून विद्यापीठेच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. विद्यार्थी व्हिसा मात्र तिथेच आहे, आणि वकील वाटा शोधत बसले आहेत. हे नियम बदलले पाहिजेत. ईडीला त्या चार वर्षांत अमेरिकेत उघडपणे घेता येण्यासारखे जे काही होते त्यात शिष्यवृत्ती, पदवी आणि हा मान, एवढेच मुख्य. त्यामुळे भाच्याने “काय उपयोग” असे विचारले तेव्हा मला जास्त लागले.

आता आपल्याकडचे. आपल्या विद्यापीठांतला सर्वोत्तम बास्केटबॉलपटू कोण, असा प्रश्न मी काही सहकाऱ्यांना विचारून पाहिला. प्रत्येकाने गेल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात चमकलेले नाव सांगितले. दुसरे सांगणार तरी काय? आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा काही दिवसांत उरकते. निवडलेली मुले-मुली विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातात, बहुतेक संघ लवकर बाद होऊन परततात, आणि वर्ष संपते. हंगाम नावाची गोष्टच नाही. शाळेत तर याहून कठीण. दहावी-बारावीचे क्रीडा सवलतीचे गुण स्पर्धेची पातळी आणि प्रमाणपत्र बघून मिळतात. त्या प्रमाणपत्रामागे मुलीने किती खेळ केला, हे कुठेच लिहिलेले नसते.

लिहिलेले नसते हे मी शब्दशः म्हणते आहे. आपल्या सामन्यांना जी अधिकृत स्कोअरशीट वापरतात तिच्यावर गुण लिहितात, फाउल लिहितात, टाइमआउट लिहितात. रिबाउंड लिहीत नाहीत. दुसरीला गुण करता यावा म्हणून दिलेला अचूक पास लिहीत नाहीत. अडवलेला चेंडू लिहीत नाहीत. त्यासाठी वेगळी माणसे बसवावी लागतात, आणि जिल्ह्याच्या सामन्यांना ती कुणी बसवत नाही. मी बाकावरच्या मुलींच्या हाती वही देऊन हे लिहून घेऊ लागले. एका हिवाळ्यातल्या सराव सामन्यांची वही मी नंतर शांतपणे जुळवून पाहिली. आमच्या संघातली एक मुलगी सामन्यामागे जेमतेम चार-सहा गुण करायची. तिच्या नावावर कधीही कुठलाही करंडक नव्हता. वहीत मात्र सगळ्यांत जास्त रिबाउंड तिचे होते, आणि ज्या सामन्यांत ती फाउलमुळे लवकर बाहेर गेली होती त्यांतले बहुतेक आम्ही हरलो होतो. तिला ती पाने दाखवली तेव्हा तिने प्रत्येक रकान्यावरून बोट फिरवत सगळे वाचून काढले आणि विचारले, “मॅडम, हे सर्टिफिकेटवर येतं का?” येत नाही, असे मला सांगावे लागले.

ते यायला हवे, आणि त्यासाठी अमेरिकेइतका पैसा लागत नाही. एका शहरातल्या सहा-आठ महाविद्यालयांनी दिवाळीनंतर सुरुवात करावी. प्रत्येक संघाने दुसऱ्याशी दोनदा खेळावे, एकदा स्वतःच्या कोर्टवर, एकदा त्यांच्या. सामने शनिवार-रविवारी ठेवले तर अभ्यास बुडत नाही. नोंदी ठेवायला शारीरिक शिक्षण महाविद्यालयांतले विद्यार्थी आहेत. त्यांना त्या कामाचे गुण द्यावेत. दर सोमवारी आकडे सूचना फलकावर लागावेत. वर्षाअखेरीला मत द्यायचे ते प्रशिक्षकांनी, पंचांनी आणि स्थानिक क्रीडा पत्रकारांनी, आणि प्रशिक्षकाला आपल्या संघातल्या खेळाडूला मत देता येऊ नये. मतपेटी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आदल्या दिवशी बंद व्हावी, उघडावी ती स्पर्धा संपल्यावर. आणि मुलींचा पुरस्कार मुलांच्या पुरस्काराबरोबर, पहिल्याच वर्षी सुरू व्हावा.